'ऑल माय सन्स' : भोपाळच्या परसातून

आर्थर मिलरचे 'ऑल माय सन्स' हे नाटक भोपाळच्या आम्हा मराठी हौशी मंडळींनी बसवावे, असे मी बऱ्याच वर्षांपासून म्हणत आलो आहे. दर वेळी उत्तर एकच मिळते : परके नाटक, आपल्या लोकांना काय त्याचे? गणेशोत्सवात एखादा फार्स करावा, चार घटका हसावे, मुलांच्या कानांवर मराठी पडावे, पुष्कळ झाले. मराठी कानांवर पडावे हे मलाही मान्य आहे. पण त्या मराठीतून काय पडावे, हा प्रश्न उरतोच.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक सांगतो. दुसरे महायुद्ध संपलेले आहे. जो केलर हा कारखानदार रविवारी सकाळी घराच्या परसात वर्तमानपत्र चाळत बसला आहे. युद्धकाळात त्याच्या कारखान्यातून विमानाच्या इंजिनांचे तडे गेलेले भाग डागडुजी करून लष्कराकडे गेले आणि एकवीस वैमानिक मेले. जो खटल्यातून सुटला, भागीदार तुरुंगात गेला. त्या दिवशी मी आजारी होतो, कारखान्यात नव्हतोच, ही जोची सबब. त्याचा धाकटा मुलगा लॅरी हाही वैमानिक; तो तीन वर्षांपासून बेपत्ता आहे. थोरला ख्रिस लॅरीच्या वाग्दत्त वधूशी, म्हणजे त्या भागीदाराच्याच मुलीशी, लग्न करू पाहतो. दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत सारे उघडे पडते. मिलरला हे बीज त्याच्या तेव्हाच्या सासूबाईंनी सांगितलेल्या एका खऱ्या हकीकतीत मिळाले. त्यात बापाविरुद्ध तक्रार मुलीने केली होती. २९ जानेवारी १९४७ रोजी एलिया कझानच्या दिग्दर्शनाखाली न्यूयॉर्कला पहिला प्रयोग झाला.

आता सांगा, भोपाळमध्ये हे परके कसे? २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या जूनपासून बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी होता. कंपनी आणि भारत सरकार यांच्यात १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. २०१० साली भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवायला २०२५ साल उजाडले. इथल्या रंगभूमीने या विषयाकडे पाठ फिरवली असेही नाही. राहुल वर्मा यांच्या नाटकावरून हबीब तनवीर यांनी 'ज़हरीली हवा' केले. ते नाटक कंपनीचे आणि सत्तेचे आहे. मिलरचे नाटक त्या पैशावर जेवणाऱ्या घराचे आहे, म्हणून ते हवे.

मराठीतली आपली मोठी कौटुंबिक नाटके बहुधा घरातच सुरू होतात आणि घरातच संपतात. एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) घ्या. थोर नाटक, वाद नाही. पण देशपांड्यांच्या वाड्यात जे ढासळते ते मुख्यतः वाड्यातल्यांच्या डोक्यावर. केलरच्या घरात काय शिजले ते दूरवरच्या एकवीस घरांना भोवले. 'सगळं मुलांसाठी केलं' हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात बाप बोलतो, आणि खरेपणाने बोलतो. जो केलरही खरेपणानेच बोलतो. तो खलपुरुष असता तर नाटक सोपे झाले असते.

माझ्या मते नाटकाचा कणा बाप-लेकात नाही, जोच्या बायकोत आहे. केटला लॅरी जिवंत आहे असा ध्यास आहे, आणि हौशी नटी ही भूमिका रडून घालवील अशी मला धास्ती वाटते. मराठी रंगमंचावर आई दिसली की पदर डोळ्यांना लागतोच. केटचा हट्ट मायेचा आहे तसाच हिशेबाचाही आहे. लॅरी मेला असे मानले, तर तिच्या मनाच्या हिशेबात त्याला बापाने मारले असा अर्थ होतो. म्हणून लॅरी जगलाच पाहिजे. तिला पहिल्यापासून सगळे ठाऊक आहे. शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. तरी ते जोबरोबर पत्ते कुटतात.

भाषेबद्दल माझी एक सूचना आहे. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, नागपूरची राजधानी गेली आणि कचेऱ्यांतली पुष्कळ मराठी कुटुंबे फायलींमागोमाग भोपाळला आली. तेव्हापासून आमची रीत ठरलेली : घरात मराठी, कुंपणापलीकडे हिंदी. नाटकही तसेच बसवावे. केलर कुटुंब मराठी बोलेल, शेजारी हिंदी. भागीदाराचा मुलगा जॉर्ज जाब विचारायला येतो तेव्हा केट त्याला लहानपणीच्या मायेने जवळ घेते, खाऊ-पिऊ घालू पाहते. तो विरघळतो, आणि त्या सैलावलेल्या क्षणी ती बोलून जाते, की जो कित्येक वर्षांत आजारी पडलेलाच नाही. ही चूक आमच्या प्रयोगात मराठीतून व्हावी. हिंदीतला अदबशीरपणा गळून घरची भाषा तोंडात येते, आणि शेजारी वाढलेल्या त्या पोराला मराठी कळते. ज्यांच्या वाड्यात हिंदी शेजाऱ्यांची मुले मराठी शिकून गेली, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

सफरचंदाच्या झाडाचे काय, असे एकाने विचारले. लॅरीच्या आठवणीसाठी लावलेले ते झाड पहिल्या अंकाआधीच वाऱ्याने मोडून पडलेले असते. भोपाळला सीताफळ चालेल. कडुनिंब नको, उगाच सांकेतिक होईल.

नाटकात दोष आहेत. तिसऱ्या अंकात लॅरीचे पत्र नेमके हवे तेव्हा बाहेर निघते, ही जुनी युक्ती आहे. इब्सेनकडून शिकलेला मिलर इथे जरा जास्तच बेतीव होतो. दुसरा दोष भोपाळमध्येच जाणवेल. जो केलर गुन्हा ओळखतो आणि आत जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतो. इथे कोणी तसा परसात बसलेला सापडलाच नाही. जबाबदारी मूळ कंपनी, उपकंपनी, समित्या आणि वकील यांच्यात विरून गेली. वॉरन अँडरसन डिसेंबर १९८४मध्ये जामिनावर सुटून गेले ते पुन्हा इथल्या न्यायालयात आले नाहीत, आणि २०१४ साली अमेरिकेत वारले. तेव्हा गोळीचा आवाज ऐकून आमचा प्रेक्षक 'झाला न्याय' म्हणत मोकळा होण्याचा धोका आहे.

पण मिलर गोळीवर थांबत नाही. शेवटचे बोलणे तो केटला देतो. बापाच्या मरणाचे ओझे घेऊन कोसळलेल्या ख्रिसला ती सांगते, की हे स्वतःला लावून घेऊ नकोस, विसर आणि जग. ते मायेने म्हणायचे, की इतकी वर्षे या घराने जे केले तेच पुन्हा करायला सांगायचे, याचा निर्णय दिग्दर्शकाला तालमीच्या पहिल्याच दिवशी घ्यावा लागेल. केटची अख्खी भूमिका त्यावर अवलंबून आहे.