ढोलकीचा ठेका, देवनागरी बोल आणि लायब्ररींची निवड

विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड या चारही व्यवस्थांवर (ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालणारा प्रोग्रॅम हौसेने लिहायचा तर दोन लायब्ररी लागतात: पडद्यावर बटणे आणि अक्षरे काढणारी एक, आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारी दुसरी. त्यांची तुलना बहुतेकदा वेग, आकार आणि परवाना यांवर होते. मराठी कामासाठी ती अपुरी आहे. उदाहरण ढोलकीचे घेऊ. राज्यस्तरीय लावणी स्पर्धेमुळे अकलूजचे नाव ढोलकीशी जोडले गेले आहे. तिथल्या शिकाऊ वादकासाठी केरवा तालाच्या आठ मात्रा वाजवणारे आणि प्रत्येक मात्रेचा बोल पडद्यावर उजळवणारे सरावाचे साधन डोळ्यांसमोर ठेवले, की निवडीचे खरे निकष दिसू लागतात.

पहिला निकष अक्षरांचा. ‘धिं’ लिहिताना वेलांटी साठवली जाते ध नंतर, पण दिसायला हवी आधी. ही मांडणी करण्याचे काम बहुतेक मुक्त लायब्ररी हार्फबझ या इंजिनावर सोपवतात. ते नसेल तर वेलांटी भलत्या जागी पडते आणि जोडाक्षराऐवजी पाय मोडलेली अक्षरे दिसतात. डियर इमगुई ही खेळांच्या प्रोग्रॅमरांची आवडती, अगदी सुटसुटीत लायब्ररी. पण तिच्यात ही मांडणी मुळातच नाही, त्यामुळे मराठीसाठी ती बादच. पायथॉनसोबत सहज मिळणाऱ्या ‘टीके’ या लायब्ररीची ८.६ आवृत्ती विंडोज आणि मॅकवर तिथल्या व्यवस्थेच्या आधाराने निभावते, लिनक्सवर मात्र देवनागरी तोडते. गोडो या खेळांच्या इंजिनात मांडणीची ही सोय २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून आली. कोणतीही लायब्ररी पारखायची तर ‘धिं’, ‘क्ड’ आणि ‘वाऱ्या’ हे तीन शब्द चारही व्यवस्थांवर छापून पाहावेत. ‘वाऱ्या’तला अर्धा र ही खास मराठीची कसोटी आहे. ल आणि श यांचे मराठी वळण ही त्यापुढची गोष्ट. काही फाँटांत ते असते, पण मजकूर मराठी आहे हे सांगितल्याशिवाय उमटत नाही. जीटीके या लायब्ररीच्या पँगो या अक्षरमांडणीच्या भागात मजकुराला भाषा लावता येते. इतरत्र मराठी वळणाचाच फाँट प्रोग्रॅमसोबत द्यावा, हा उपाय सर्वांत भरवशाचा.

या कसोटीवर टिकणाऱ्यांपैकी तीन नावे पाहू. १९९२ पासूनची डब्ल्यूएक्सविजेट्स प्रत्येक व्यवस्थेची स्वतःचीच बटणे वापरते, म्हणून अक्षरेही त्या व्यवस्थेइतकीच शुद्ध येतात. अँड्रॉइडवर मात्र ती उपयोगाची नाही. नॉर्वेत जन्मलेली क्यूटी फोनपर्यंत पोचते, तिचे दस्तऐवज उत्तम आहेत, पण एवढ्याशा साधनासाठी तिचा पसारा मोठा वाटतो. फ्लटर फोनवर सरस आहे. त्यासाठी डार्ट भाषा शिकावी लागते आणि आवाजाचे नाजूक काम शेवटी सी किंवा सी++ मध्येच उतरते.

आवाजाच्या बाबतीत सगळी चर्चा विलंबाभोवती फिरते, आणि तिथेच गफलत होते. ४८,००० हर्ट्झवर १,०२४ फ्रेमचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, २५६ फ्रेमचा म्हणजे पाच. पडद्यावर बोट मारून थाप वाजवायची असेल तर हा फरक हाताला कळतो. ठेका आपोआप वाजवायचा असेल तर विलंब गौण ठरतो आणि दोन थापांमधले अंतर नेमके असणे महत्त्वाचे होते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा म्हणजे बरोबर २४,००० फ्रेम. ती आवाजाच्या फ्रेम मोजूनच धरावी. बटणांच्या लायब्ररीतल्या टायमरवर लय सोपवली तर ठेका लंगडतो, कारण विंडोजचा साधा टायमर सुमारे १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतो. चौपट लयीत, जिथे थापा १२५ मिलिसेकंदांवर येतात, तिथे एवढी चूक शिकाऊ कानालाही खटकते. उजळणारा बोल मात्र बफरच्या विलंबाएवढा मागे ठेवावा लागतो, नाहीतर डोळा कानाच्या पुढे धावतो.

एसडीएल या खेळांच्या लायब्ररीसोबतची मिक्सर लायब्ररी सोपी आहे, पण तिची जुनी दुसरी आवृत्ती प्रत्येक आवाज पुढच्या बफरच्या सुरुवातीला वाजवते. खेळातल्या स्फोटाला ते चालते, ढोलकीला नाही. पोर्टऑडिओ जुनी आणि पारखलेली. आवाज संपादनाचा प्रोग्रॅम ऑडॅसिटी वर्षानुवर्षे तिच्यावर आणि डब्ल्यूएक्सविजेट्सवर उभी राहिली. पोर्टऑडिओ फक्त कच्चा प्रवाह देते, मिसळणे आणि फाइल वाचणे स्वतः लिहावे लागते. डेव्हिड रीड यांची मिनिऑडिओ सीच्या एकाच फाइलमध्ये मावते, अँड्रॉइडवरही चालते, वेव्ह, फ्लॅक आणि एमपी३ वाचते आणि आवाज कोणत्या फ्रेमला सुरू व्हावा हेही सांगू देते. या कामासाठी तीच सर्वांत योग्य. लायब्ररी कोणतीही असो, आवाज भरणाऱ्या कॉलबॅकमध्ये फाइल उघडणे, मेमरी मागणे किंवा कुलपाची वाट पाहणे टाळावे. थापांचे नमुने आधीच मेमरीत घ्यावेत.

उरला परवाना. ज्यूस ही लायब्ररी अक्षरे आणि आवाज ही दोन्ही कामे एकत्र करते आणि २०२४ च्या आठव्या आवृत्तीपासून देवनागरीही नीट मांडते. तिचा परवाना मात्र एजीपीएल किंवा व्यावसायिक असा आहे. क्यूटीचा बराचसा भाग एलजीपीएलखाली मिळतो: स्वतःचा कोड खुला करण्याची सक्ती नाही, पण वापरणाऱ्याला क्यूटीची आवृत्ती बदलता यावी लागते, म्हणून ती वेगळी फाइल ठेवून जोडणे सोयीचे. मिनिऑडिओ सार्वजनिक मालकीची म्हणूनही घेता येते, तिथे हा प्रश्नच उरत नाही.