कागद की संगणक? मुलाच्या हातात काय उरतं?

वैद्यकीय परीक्षा कागदावर घ्यावी की संगणकावर, हा वाद २०२४ मध्ये फार तापला. आज मला त्या वादाची मांडणीच तपासायची आहे.

त्या वर्षी ५ मे रोजी एमबीबीएस प्रवेशाची ‘नीट-यूजी’ कागदावर झाली. २३ लाखांहून जास्त मुलं, एकच दिवस, एकच वेळ. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला, हे सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं. पण संपूर्ण परीक्षाच बाधित झाल्याचा पुरावा नाही म्हणून फेरपरीक्षा नाकारली. कागदाचं दुखणं हेच. छापखाना, पेटी, गाडी, तिजोरी. टप्प्याटप्प्यावर माणसाचा हात.

लगेच सूर निघाला, संगणक आणा! अहो, पण पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट-पीजी’ संगणकावरच होते की. तीसुद्धा त्याच वर्षी, २३ जूनची, आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. मग ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली. दोन सत्रं म्हणजे दोन पेपर. कुठला अवघड होता? ते ठरवायला आलं गुणांचं समानीकरण. शेवटी ३० मे २०२५ रोजी न्यायालयानं सांगितलं, एकाच सत्रात घ्या. त्या तयारीसाठी १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टवर गेली.

म्हणजे कागदावर विश्वास ठेवायचा तर पेटी नेणाऱ्यावर ठेवायचा. संगणकाच्या अनेक सत्रांत ठेवायचा तर सूत्रावर.

माझा आक्षेप पुढचा आहे. यूजीचा मुलगा प्रश्नपुस्तिका घरी नेतो, उत्तरतालिकेशी ताडून बघतो, चूक दिसली तर आव्हान देतो. पेपर दोषी असेल, पण तो त्याच्या हातात आहे. पीजीचा डॉक्टर मात्र पडद्यावरचे प्रश्न तिथेच सोडून रिकाम्या हातानं बाहेर येतो. एका गुणात अनेक क्रमांक मागे-पुढे होतात. कुणाचं रेडिओलॉजी जातं, कुणाचं वर्ष.

संगणकाला माझा विरोध नाही. पेटी फोडण्याचा धोका तो नक्कीच कमी करतो. पण ‘आधुनिक’ म्हणून त्याला आधीच पास करू नका. निकष एकच लावा: आपले गुण कसे आले, हे परीक्षार्थीला स्वतः तपासता येतं का? येत नसेल, तर पडदा कितीही स्वच्छ असो, परीक्षा झाकलेलीच राहते.