ओघळाचे श्रेय कोणाचे?

रेझिन कलेतील ट्रे, घड्याळे, चौरंग आता घरोघरी दिसतात. त्यांच्या काठावरून उतरलेल्या ओघळांना ‘मुक्त आविष्कार’ म्हणून दाद मिळते. ही दाद आम्हाला घाईची वाटते. ओघळात निसर्गाचा वाटा किती आणि कलावंताचा किती, हे आधी निवडून पाहायला हवे.

पाऊस थांबल्यावर गॅलरीच्या कठड्याखाली पाहा. थेंब जवळजवळ सारख्या अंतरावर लोंबत असतात. पाण्याचे वजन आणि पृष्ठताण यांच्या ओढाताणीतून ते अंतर ठरते. रेझिनच्या काठाखालीही हेच घडते. तेव्हा थेंबांच्या सुबक रांगेचे कौतुक कलावंताच्या पदरात टाकणे योग्य नव्हे.

कलावंताच्या हाती असतात थराची जाडी आणि वेळ. उभ्या कडेवर थर दुप्पट जाड झाला, की त्याचा वाहण्याचा वेग चौपट होतो. द्रव दाट असेल तर वेग घटतो. एपॉक्सी रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की दाटपणा वाढू लागतो. लवकर ओतले तर रंग जमिनीवर जातो, उशीर झाला तर काठावरच गोळा होतो. मधली मोजकी मिनिटे ओळखणे हेच खरे कौशल्य.

म्हणूनच ‘इतकी मिनिटे थांबून ओता’ ही ठरीव सूचना आम्हाला अपुरी वाटते. नागपुरात, प्रताप नगरातल्या एखाद्या घरी, हे काम मे महिन्यात चालले आहे असे समजा. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तापमान १० अंशांनी वाढले, की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांना ४० मिनिटे हाताळता येणारे मिश्रण ४५ अंशांना जेमतेम १० मिनिटे साथ देईल.

याच नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून तैलरंगाचे थर देत व काढत. त्यांच्या चित्रांतले पोत सहज उमटल्यासारखे भासतात. पण काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हा निर्णय त्यांचा असे. रेझिनच्या बहुतेक ओघळांत आम्हाला हा निर्णयच सापडत नाही. सगळ्या काठांवरून सारखेच ओघळ उतरलेले असतात.

कच्चे रेझिन त्वचेला अपायकारक असल्याने वर्गात ते नको. तिरप्या ताटावर गार आणि कोमट काकवी ओतून पाहा. ओघळ हवा तिथे थांबवता येतो का, हे विद्यार्थ्यांनी स्वतः अजमावावे. मग कोणत्या ओघळाला दाद द्यायची, हे त्यांना सांगावे लागणार नाही.