पहिला प्रयोग, पन्नासावा प्रयोग आणि शरदाचा हंगाम

गणेशोत्सव आटोपला, पितृपक्ष सरला की मराठी वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींचे पान दाट होऊ लागते. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत त्यावर नव्या नावांची गर्दी उसळते. या पानाची स्वतःची एक परिभाषा आहे. 'शुभारंभाचा प्रयोग', 'लवकरच रंगभूमीवर' आणि 'नव्या संचात' ही तिची तीन मुख्य पदे. आणि ती तिन्ही काळाविषयी बोलतात, नाटकाविषयी नव्हे. पहिले पद वर्तमानाला मुहूर्ताची प्रतिष्ठा देते, दुसरे भविष्याचे वचन विकते, तिसरे भूतकाळाचे भांडवल करते. नाटक कशाविषयी आहे हे या पानावर सहसा सांगितले जात नाही. ते केव्हा आणि कोठे आहे, एवढेच सांगितले जाते. (संगीत नाटकाच्या आरंभी नटीशी संवाद करणारा सूत्रधारही या पानावर आढळतो, मात्र येथे तो प्रयोगांची व्यवस्था पाहणाऱ्या व्यवस्थापकाचे पदनाम झाला आहे. संज्ञेचा हा प्रवास एखाद्या प्रबंधाचा विषय व्हावा.)

हंगाम ही व्यापाराची कल्पना आहे, कलेची नव्हे, असे म्हणून समीक्षेने या पानाकडे पाठ फिरवावी, हा सोपा मार्ग. परंतु मराठी नाटकाचा इतिहास त्याला अनुकूल नाही. विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीला झाले ते ५ नोव्हेंबर १८४३ रोजी. तोच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात प्रथम रंगले ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, आणि 'सौभद्र' १८ नोव्हेंबर १८८२ रोजी. या तारखांत योगायोगाचा भाग असेल. पण पावसाळ्यात रस्ते आणि तात्पुरते मांडव दोन्ही बेभरवशाचे, सुगीनंतर मात्र हातात पैसा आणि गाठीला सवड, हे ज्या समाजाचे वास्तव होते त्या समाजात नाटकाने शरदाची वाट पाहावी, हे स्वाभाविकच होते.

या तारखांत एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी प्रेक्षकांनी पाहिले ते संपूर्ण 'शाकुंतल' नव्हे. पहिले चारच अंक त्या रात्री झाले. 'सौभद्र'चेही तसेच. नोव्हेंबर १८८२ मध्ये तीन अंक रंगभूमीवर आले, पाच अंकांचे पूर्ण नाटक पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये. म्हणजे ज्या दोन कृतींपाशी मराठी संगीत नाटकाची परंपरा आपला आरंभ मानते, त्या दोन्ही पहिल्या प्रयोगाच्या वेळी अपूर्ण होत्या, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. मुहूर्त हा नाटकाच्या घडणीतील एक टप्पा होता. संहिता आधी सिद्ध होते आणि प्रयोग हा तिचा अनुवाद असतो, ही समजूत नंतरची, छापील पुस्तकाच्या संस्कारातून आलेली.

मराठी भाषेला मात्र जुने शहाणपण अजून आठवते. नाटकाच्या सादरीकरणाला आपण 'प्रयोग' म्हणतो. करून पाहणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. आणि प्रयोग आपण मोजतो. शंभरावा, पाचशेवा, हजारावा ही मराठी नाट्यव्यवहाराची खास मोजमापे आहेत. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात प्रशांत दामले यांच्या १२,५०० व्या प्रयोगाचा सोहळा झाला, तेव्हा सत्कार झाला तो एका नटाने रंगमंचावर घालवलेल्या काळाचा. एकीकडे नाटकाचे आयुष्य प्रयोगांच्या संख्येत असते अशी ही लोकधारणा. दुसरीकडे पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयोगाला जाऊन, त्याच आठवड्यात निकाल लावून, त्या नाटकाकडे पुन्हा कधीही न फिरकणारी नाट्यसमीक्षा. या दोहोंत जाहिरातीचे पान कोणाच्या बाजूला आहे, हे उघड आहे. 'शुभारंभा'चे मूल्य वाढवण्यात समीक्षेनेच त्याला साथ दिली आहे.

व्यावसायिक हंगामाला समांतर असा दुसरा हंगाम मराठीत १९५४ पासून आहे. तो राज्य नाट्य स्पर्धेचा. तिच्या प्राथमिक फेऱ्या नोव्हेंबर-डिसेंबरात गावोगाव होतात, आणि मराठीतील अनेक वळणे तेथेच घेतली गेली. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे 'रंगायन'ने २० डिसेंबर १९६७ रोजी केले ते स्पर्धेसाठीच. लीला बेणारेचे ते प्रसिद्ध स्वगत तेंडुलकरांनी अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून, तालमींच्या अखेरच्या दिवसांत लिहिले, हे सर्वश्रुत आहे. ज्या स्वगताविना आज त्या नाटकाची कल्पना करवत नाही, ते तारखेच्या दडपणातून आले. 'घाशीराम कोतवाल'ही १६ डिसेंबर १९७२ रोजी स्पर्धेच्याच निमित्ताने रंगमंचावर आले. त्याचे १९ प्रयोग झाले आणि संस्थेने ते थांबवले. पुढे त्यातील मंडळींनी 'थिएटर अकॅडमी' स्थापून १९७४ मध्ये ते पुन्हा उभे केले नसते, तर त्या नाटकाचे मराठी समीक्षेतील स्थान एकोणिसाव्या प्रयोगावरच गोठले असते. हंगाम नाटकाला जन्म देऊ शकतो. वय देण्याची शक्ती त्याच्यात नाही. ते काम कोणा ना कोणाच्या हट्टाने होते.

आजच्या हंगामात हा हट्ट कोठे उरतो, हे पाहण्यासाठी नाट्यगृहांच्या तारखांचे व्यवहार पाहणे उपयोगाचे ठरते. नगरपालिकांच्या नाट्यगृहांत तारखांचे वाटप तिमाही होते. शनिवार-रविवार आणि सुट्या यांसाठी ओढाताण असते. नटांच्या तारखा मालिकांच्या चित्रीकरणातून सोडवून घ्याव्या लागतात. परिणामी नवे नाटक दोन अंकांत, मोजक्या पात्रांत, एका दिवाणखान्यात मावावे अशी एक अलिखित संहिता लेखकाच्या लेखणीआधीच तयार असते. त्याला रुळायला वीसएक प्रयोग लागतात; ते मिळण्यापूर्वी पुढच्या तिमाहीचे वाटप येते. येथेच 'नव्या संचात' या पदाचे आकर्षण वाढते. ज्याचे नाव प्रेक्षकाला ठाऊक आहे त्या नाटकाला रुळण्याची मुदत मागावी लागत नाही. २०१८ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे 'आरण्यक' परतले; महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' त्याआधीच पुन्हा उभे राहिले होते; जयवंत दळवी यांचे 'पुरुष' २०२४ मध्ये आले. याचा अर्थ लेखक आटले असा लावण्याची प्रथा आहे. ती प्रथा आळशी आहे. आटली आहे ती नव्या संहितेला मिळणारी मुदत.

पुनरुज्जीवित नाटकांविषयी बोलताना समीक्षेचे साधन बहुधा स्मरण असते. अमुक भूमिका तेव्हा अमक्यांनी केली होती, आता तमके करतात. जुन्याची सर नाही, किंवा नवे कमी नाहीत. ही तुलना नटांच्या वाट्याला येते, नाटक मात्र तिच्यातून निसटते. प्रशांत दळवी यांच्या 'चारचौघी'च्या निमित्ताने हे विशेष जाणवते. १९९१ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली आलेले हे नाटक सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्याच दिग्दर्शनाखाली पुन्हा आले. साथीच्या काळात बंद राहिलेली नाट्यगृहे २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निम्म्या आसनांवर उघडली होती. त्यामुळे २०२२ चा शरद हा निर्बंधांविना आलेला पहिला पूर्ण हंगाम होता. तशा वेळी तीन तासांहून लांब, दीर्घ भाषणांनी भरलेले नाटक उभे करणे हे सावध व्यापाराचे लक्षण नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

विवाहित पुरुषाशी असलेल्या संबंधातून तीन मुलींना जन्म देऊन त्यांना वाढवणारी आई. नवऱ्याच्या विश्वासघातानंतर परतलेली विद्या. आपल्या संसाराशी झगडणारी वैजू. आणि दोन पुरुषांवर प्रेम करून त्यांपैकी एकाची निवड करण्यास नकार देणारी विनी. संहिता तिच्या मूळ काळातच ठेवली गेली. विद्येचा दूरध्वनीवरील प्रदीर्घ संवाद हे या नाटकाचे बहुचर्चित स्थळ. १९९१ मध्ये वंदना गुप्ते आणि २०२२ मध्ये मुक्ता बर्वे यांच्या नावांनी ते ओळखले जाते. परंतु त्याचे खरे नाते बेणारेच्या स्वगताशी आहे. बेणारेला तथाकथित न्यायालय बोलण्यासाठी दहा सेकंद देते. ती बोलते तेव्हा इतर सारे गोठलेले असतात, आणि तिचे बोलणे त्या खोलीतील कोणाच्याही कानी पडत नाही. म्हणूनच ते स्वगत आहे. विद्येच्या बोलण्याला मात्र ऐकणारा आहे, फक्त तो दिसत नाही आणि त्याचे शब्द प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाहीत. १९६७ मध्ये पुरुषांनी भरलेल्या खोलीत स्त्रीचा आवाज ऐकला जात नव्हता; १९९१ मध्ये पुरुषाचा आवाज तारेपलीकडे ठेवून लेखकाने खोली स्त्रियांच्या स्वाधीन केली. स्वगताचे संवादात झालेले हे रूपांतर, तेही एकाच बाजूने ऐकू येणाऱ्या संवादात, मराठी नाटकातील स्त्रीच्या वाणीच्या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. 'चारचौघी'वरील चर्चा अभिनयाच्या कौतुकापाशी थांबत असल्यामुळे तिचे सैद्धांतिक मोल अद्याप नीट मांडले गेलेले नाही.

आणि २०२२ मध्ये या घटनेचा अर्थ तोच राहत नाही. तारेचा दूरध्वनी १९९१ मध्ये घरातील एक वस्तू होता. आता तो काळाचे चिन्ह झाला आहे. तार जितकी लांब तितकीच स्त्रीची हालचाल, ही मर्यादा पूर्वी नेपथ्यात विरघळलेली होती, आता ती डोळ्यांत भरते. खिशात दूरध्वनी बाळगणाऱ्या प्रेक्षकाला विद्या एका जागी बांधलेली दिसते, आणि तिच्या बोलण्यातील मुक्ती त्या बांधलेपणावर ताणली जाते. उलट विनीचा निर्णय, जो एके काळी नाटकातील सर्वांत स्फोटक भाग मानला गेला, तो आता चर्चेच्या परिचित परिभाषेत सहज बसतो. त्याचा धक्का ओसरला आहे. ओसरलेला भार आईच्या वाट्याला येतो. रोहिणी हट्टंगडी यांच्या आईकडे पाहताना प्रश्न पडतो तो मुलींच्या बंडाचा नव्हे, आईने तीस-पस्तीस वर्षे मुकाट्याने निभावलेल्या तडजोडीचा. तिने ज्याला स्वातंत्र्य मानले ते कोणाच्या सोयीचे होते? संहितेतील वाक्ये तीच असताना नाटकाचा मध्य असा सरकतो. नट बदलले म्हणून हे घडले नाही. मधली एकतीस वर्षे त्या वाक्यांत येऊन बसली म्हणून घडले. अशा प्रयोगाला 'जुने नाटक' म्हणणे हे गणिताला धरून असेल, समीक्षेला धरून नाही.

तरीही एवढ्याने पुनरुज्जीवनाच्या प्रथेचे समर्थन होत नाही. 'चारचौघी'ला ही एकतीस वर्षे मिळाली, कारण १९९१ मध्ये कोणीतरी एका अपरिचित नावाला तारखा दिल्या होत्या. २०२२ च्या हंगामातील नव्या नाटकांपैकी कोणते २०५३ मध्ये 'नव्या संचात' येण्याजोगे वाढेल, हे आज ठरवता येणार नाही. पण वाढण्यास लागणारे प्रयोग त्यांना मिळाले की नाही, हे मोजता येण्याजोगे आहे. प्राजक्त देशमुख यांच्या 'संगीत देवबाभळी'चे उदाहरण येथे बोलके आहे. तुकारामांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई यांना एकत्र आणणारी ही कल्पना आधी एकांकिका म्हणून स्पर्धांच्या रंगमंचावर तावूनसुलाखून निघाली, आणि मग डिसेंबर २०१७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आली. म्हणजे तिचा 'शुभारंभ' हा आरंभ नव्हताच. किर्लोस्करांना जी सवलत प्रेक्षकांनी उघडपणे दिली, ती आज एकांकिका स्पर्धांच्या आडवाटेने मिळवावी लागते.

हा हंगाम मुंबई-पुण्याचा एकट्याचा नाही, याची आठवण समीक्षेला क्वचितच होते. कोकणात कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळ्या गावोगाव निघतात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा येथे नाट्यसंस्था कार्यालये थाटतात, गावकरी येऊन नाटक ठरवतात, आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. तेथेही दर वर्षी नवी शीर्षके येतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव काही दिवस मुंबईच्या वर्तमानपत्रांत झळकले. मांडवापुढे रात्रभर बसणारा तेथील प्रेक्षक एकाच कंपनीचे नाटक शेजारच्या गावात पुन्हा पाहतो, आणि नटाने काय बदलले हे दुसऱ्या दिवशी पारावर सांगतो. त्या नाटकांवर छापील परीक्षण येत नाही. पहिल्या प्रयोगाचेही नाही, पन्नासाव्याचेही नाही.