दोराचं दुसरं टोक

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथं १९५२ ते १९५७ या काळात जॉर्ज इंगल फिंच नावाचे गृहस्थ संचालक होते. जन्म ऑस्ट्रेलियातला, शिक्षण झुरिकचं, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापकी, रॉयल सोसायटीचे फेलो. आणि १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन जेफ्री ब्रूसबरोबर सुमारे ८,३०० मीटरपर्यंत पोचलेले गिर्यारोहकही तेच. त्या मोहिमेत बहुतेक मंडळी ट्वीडचे कोट आणि लोकरी स्वेटर चढवून कुडकुडत होती, तेव्हा फिंच यांनी फुग्याच्या कापडात पिसं भरून शिवून घेतलेला डगला घातला होता. आज हिमालयात निघालेला प्रत्येक जण जे डाउन जॅकेट घेतो, त्याचा हा पूर्वज.

हेच फिंच १९११ साली धाकटा भाऊ मॅक्स याच्याबरोबर माँ ब्लाँच्या परिसरातली एक दगडी धार पहिल्यांदा चढून गेले. फ्रान्समधल्या शामोनी गावाच्या डोक्यावर एग्वी द्यु मिदी हे ३,८४२ मीटरचं शिखर आहे. त्याचीच ही धार. आज तिला आरेत दे कॉस्मिक म्हणतात. नाव बरंच नंतरचं, जवळच्या खिंडीत वैश्विक किरणांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभी राहिली त्यावरून पडलेलं. फिंच बिनगाइडच्या चढाईचे खंदे पुरस्कर्ते होते. स्वतःची वाट स्वतः शोधावी, भाड्याच्या माणसाच्या दोराला लटकून शिखरं गोळा करू नयेत, हा त्यांचा आग्रह. आणि गंमत अशी, की त्यांचीच ही धार आज गाइडबरोबर केल्या जाणाऱ्या आल्प्समधल्या चढायांपैकी सर्वांत लोकप्रिय चढायांत मोडते. उन्हाळ्यातल्या कुठल्याही स्वच्छ सकाळी तिच्यावर गाइड आणि त्यांचे पाहुणे ओळीनं दिसतात.

कसलेले लोक या धारेला नाक मुरडतात. लांबी कमी, श्रेणी मध्यम, वेळ तीन-चार तास, आणि केबलकारनं आयती गाठता येणारी. मला मात्र ती फार सुघटित रचना वाटते, आणि तिचा खरा रस गाइडबरोबर गेल्यावरच हाती लागतो असं माझं मत आहे. फिंच यांना ते पटलं नसतं.

या रचनेची पहिली करामत म्हणजे चढाईची सुरुवात उतारानं होते. शामोनी १,०३५ मीटरवर, केबलकारचं वरचं स्थानक ३,७७७ मीटरवर. ही केबलकार १९५५ सालची. शरीराला उंचीची कुणकुण लागण्याआधीच माणूस बर्फात कोरलेल्या बोगद्यात उभा असतो. तिथं बुटांना क्रॅम्पॉनचे पोलादी काटे बांधायचे, हार्नेसला दोर अडकवायचा आणि बाहेर पडायचं. बाहेर बर्फाची सुरीसारखी निमुळती धार खाली उतरत जाते. डावीकडे थेट शामोनीची घरं, अडीच हजार मीटरांहून अधिक खोल. उजवीकडे हिमनदीकडे जाणारा तीव्र उतार. वाट दोन पावलं रुंद, आदल्या दिवशीच्या बुटांनी तुडवून घट्ट झालेली.

इथं गाइड मागं राहतो आणि पाहुण्याला पुढं घालतो. पहिल्यांदा हे उलटं वाटतं; वाट दाखवणारा पुढं हवा ना? पण उतारावर जो वर असतो त्याच्याच हातात दुसऱ्याचं वजन येतं. मी गेलो तेव्हा निघण्यापूर्वी माझ्या गाइडनं दोराचा बहुतेक भाग खांद्यावरून आडवा वेटोळ्यांनी घेतला होता आणि ती वेटोळी गाठीनं पक्की केली होती. आमच्या दोघांत उरला जेमतेम काही हात दोर. जुनी शिकवण अशी, की अशा धारेवर एक जण एका बाजूला घसरला तर दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूला उडी टाकायची. आखूड दोराचं तंत्र हे टाळण्यासाठीच आहे. घसरण्याचं कोसळणं होण्याआधी, पहिल्या डगमगीलाच दोर ताठ व्हायला हवा. पतंग उडवणाऱ्याच्या बोटांना मांज्यातून वारा कळतो, तसा त्याला माझा तोल कळत होता. मी पाय चुकीचा ठेवायच्या आत कमरेशी हलकी खेच यायची, पाय बसला की ढील मिळायची. मागं वळून पाहिलं तर त्याची नजर भलतीकडेच, दूरच्या ढगांवर.

बर्फ उतरून गेलं की शिखराच्या दक्षिण कड्याखालून वळसा पडतो. हा कडा म्हणजे तांबूस ग्रॅनाइटचा एक अखंड पडदा. १९५६ साली गास्तों रेबुफा आणि मॉरिस बाके यांनी त्याच्यावर वाट काढली. रेबुफा मार्सेयचा, समुद्रकाठच्या कड्यांवर हात बसलेला, शामोनीत येऊन गाइड झालेला. बाके हा चेलोवादक आणि नट. आपण खालून मान वर करून पाहायचं आणि पुढं निघायचं. आब्री सिमों नावाच्या जुन्या निवाऱ्यापाशी पोचलं की धारेचं तोंड लागतं.

आणि इथून पुढं खरं वाचन सुरू होतं.

गाइड आता पुढं. एका दगडी सुळक्याच्या डावीकडून गेला, पुढच्याच्या उजवीकडून, मग एका शिंगासारख्या दगडाला वळसा घालून पुन्हा डावीकडे. वाटच अशी नागमोडी असेल असं मी धरून चाललो होतो. बऱ्याच वेळानं उमगलं, की सरळही जाता आलं असतं. तो दोर विणत होता. आम्हा दोघांच्या मध्ये सतत एखादा तरी पक्का दगड राहील अशी त्याची चाल होती. मी घसरलो किंवा तो घसरला, तर दोर त्या दगडावर अडकेल आणि दोघांचा काटा समतोल राहील. मेख नाही, बोल्ट नाही, थांबणं नाही. पाहणाऱ्याला नुसता चालणारा माणूस दिसतो, आणि त्या चालण्यातच सगळी सुरक्षा ओवलेली असते. त्या दिवसातली ही मला सर्वांत देखणी गोष्ट वाटली.

सह्याद्रीत चढाई शिकलेल्याला याची सवय नसते. आपल्याकडे लीड क्लाइंबर वर जातो, खालचा बिले देतो, म्हणजे दोर धरून त्याला सांभाळतो, अँकर पक्का झाला की दुसरा निघतो; ड्यूक्स नोजसारख्या कड्यावर एकेका दोराच्या लांबीला तासही जातो आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. आल्प्सच्या उंच धारांवर वेग हीच अर्धी सुरक्षा. ऊन तापलं की बर्फानं धरून ठेवलेले दगड सुटतात, दुपारी विजांचं वादळ घोंगावतं, खाली जाणारी शेवटची केबलकार कुणासाठी थांबत नाही. म्हणून दोघं एकदमच चालतात. जिथं खरोखर धोका असेल तिथं गाइड क्षणभर थांबतो, एखाद्या शिंगाभोवती दोर टाकतो, मला वर घेतो आणि पुन्हा चालू पडतो. कुठं थांबायचं आणि कुठं नाही हे ठरवायला त्याला श्वासभराचा वेळ पुरतो. कौशल्य काय ते या निवडीत आहे.

दगडाचीही भाषा वेगळी. आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर बसलेला. हाताला खोबण लागली तरी आधी ठोकून पाहायची, गवताच्या झुबक्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे अंगवळणी पडलेलं असतं. इथला ग्रॅनाइट तीस कोटी वर्षांचा, खरखरीत, उभ्या सरळ भेगांनी चिरलेला. भेगेत हात घालून मूठ वळली की हाताचीच मेख होते. मी प्रत्येक पकड ठोकत होतो. गाइड दोन-तीनदा हसला आणि मग म्हणाला, ‘‘तुमच्या डोंगरांनी तुला फार फसवलेलं दिसतंय.’’

मधोमध धार तुटते आणि दोरावरून खाली उतरावं लागतं. अनेक गाइड पाहुण्याला इथं रॅपल करू, म्हणजे स्वतः दोर सोडत उतरू, देत नाहीत. स्वतः अँकरला बांधून घेऊन त्याला दोरावरून हळूहळू खाली सोडतात आणि मग आपण उतरतात. वेळ वाचतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात त्याचाच जीव द्यायची वेळ येत नाही. दोर ओढून घेतला की मागं फिरणं अवघड होतं. आणि धार स्वतःही स्थिर नाही; ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा एक मोठा तुकडाच कोसळला. कड्यांच्या पोटातलं कायमचं गोठलेलं बर्फ उन्हाळ्यागणिक ढिलं होत चाललंय, हे कारण अभ्यासक सांगतात. धारेच्या पायथ्याशी असलेल्या आश्रयघराखालचा खडक १९९८ मध्येही ढासळला होता. त्यामुळे इथलं कुठलंही वर्णन कायमचं नसतं. गेल्या हंगामात पाठ केलेली वाट या हंगामात तशीच असेल असं गाइडही धरून चालत नाही. काही दगडांना तो हात लावायचा आणि मग त्यांच्यावर भार न देता पुढं जायचा.

मग ती फळी. चार-पाच मीटरांचा गुळगुळीत, कललेला दगड. वर चांगली भेग आहे, पण तिथवर पोचायचं कसं? दगडात बोटाच्या पेराएवढी भोकं कोरलेली आहेत, क्रॅम्पॉनचं पुढचं टोक बसावं म्हणून. शुद्धतावाद्यांचा या भोकांवर राग आहे, आणि तो मला मान्य आहे. १९११ साली फिंच बंधूंना ती नव्हती. पण त्या भोकात पोलादाचं एक टोक रोवून, दुसरा पाय हवेत धरून उभं राहिल्यावर मतं बाजूला पडतात. टोकाचा दगडावर कर्र असा आवाज येतो, तो कानापेक्षा दातांत जास्त ऐकू येतो. गाइड वर बसून माझ्या हातांकडे न पाहता पायांकडे पाहत होता. ‘‘टाच खाली,’’ एवढंच तो म्हणाला. टाच खाली नेली आणि पाय बसला.

इथं फिंच यांचा आक्षेप टोचतो. दोर ताठ होता. त्यातला किती ताठपणा आधाराचा आणि किती ओढण्याचा? फळीवर मी चढलो की चढवलो गेलो? फिंच यांच्या काळात हा प्रश्न आणखी टोकदार होता. शामोनीची गाइड कंपनी १८२१ सालची. आदल्या वर्षी हामेल नावाच्या डॉक्टरच्या माँ ब्लाँ मोहिमेत तीन गाइड हिमप्रपातात गेले, त्यानंतर कामाची पाळी आणि विधवांना मदत यांची व्यवस्था बसवण्यासाठी गावकऱ्यांनी ती काढली. पण पुढची कित्येक दशकं चित्र साधारण एकच होतं. गाइडनं बर्फात पायऱ्या खोदायच्या, साहेबाला वर खेचायचं, आणि शिखर साहेबाच्या नावावर लागायचं. त्या व्यवस्थेविरुद्ध फिंच यांचं बंड रास्तच होतं.

आजचा गाइड वेगळा आहे. फ्रान्समध्ये त्याला शामोनीच्याच राष्ट्रीय संस्थेत कित्येक वर्षांचं शिक्षण आणि कसून परीक्षा द्याव्या लागतात, आणि पाहुण्याला शिखरावर पोचवण्याइतकंच त्याला परत फिरवणंही त्याचं काम मानलं जातं. मला ओढलं गेलं का? थोडं, हो. पण चांगल्या गाइडचा दोर नेमका तेवढाच ताठ असतो की पडायची भीती जावी आणि चढायची मेहनत शिल्लक राहावी. फळीवर माझ्या पोटरीचे स्नायू थरथरत होते, तेव्हा त्यानं एक बोटभरही वर घेतलं नाही. पाय सुटला असता तर धरलं असतं. हा फरक दोरातून कळतो.

शिवाय पुढच्या टोकाला असलेल्या माणसाला स्वतःचा निर्णय बाहेरून कधी दिसत नाही. तो घेण्यातच गुंतलेला असतो. मागच्या टोकाला बसलेल्याला मात्र दुसऱ्याची समज कामाला लागलेली दिसते. कुठला दगड त्यानं टाळला, कुठं पाऊल आखडलं, कुठं ढगाकडे पाहून चाल वाढवली. फिंच यांना हा आनंद मिळाला नसावा. त्यांनी पुढचंच टोक पसंत केलं.

फळीनंतर धारेची उत्तरेकडची थंड बाजू येते. बर्फाचा एक सोपा पट्टा, मग चिमणी म्हणतात तशी एक अरुंद उभी फट, आणि तिच्या तोंडाशी लोखंडी शिडी. शिडी चढून कठडा ओलांडला की आपण थेट पर्यटकांच्या सज्जावर. कागदी कपातली कॉफी, सँडल, सेल्फी. एका आजोबांनी मला वाट करून दिली आणि टाळी वाजवली. पुष्कळांना हा शेवट फिका वाटतो. मला तो आवडतो. डोंगरातले बरेच अपघात शिखरानंतर, थकल्या पायांनी उतरताना होतात. या धारेनं उतरणं आधीच उरकून घेतलेलं असतं.

सज्जावर गाइडनं आधी क्रॅम्पॉन काढायला लावले, मग खांद्यावरची वेटोळी सोडली आणि विचारलं, ‘‘सगळ्यांत वाईट जागा कुठली वाटली?’’ मी फळी सांगितली. त्यानं मान हलवली. त्याच्या लेखी ती जागा फळीनंतरचा सोपा पट्टा होती. फळी जमल्यानं पाहुणा खूश असतो, शिडी जवळ आलेली त्याला माहीत असते, आणि खाली थेट शामोनी. तिथं त्यानं दोर दिवसभरातला सर्वांत आखूड केला होता, आणि मी त्याच पट्ट्यावर त्याच्याशी कॉफीबद्दल बोलत होतो.