कंटेंट, आशय आणि बिदागी



मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, मला चॅनेल सुरू करायचंय. त्यावर पोट भरता येईल का? आणि तुमच्या तत्त्वज्ञानाचं यावर काय म्हणणं आहे?" त्या दिवशी वेळ संपली होती. खरं सांगायचं तर आमच्याकडे उत्तरही नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्याच प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

हा विषय आमच्या वयाला शोभत नाही असं घरच्यांचं मत पडलं. पण जे लाखो लोक रोज पाहतात त्याची समीक्षा करायची नाही, आणि शंभर प्रती खपणाऱ्या काव्यसंग्रहावर मात्र तीस पानं लिहायची, हे काही समीक्षेला भूषणावह नाही.

सुरुवात शब्दापासून करू. आमची जुनी खोड. मराठी समीक्षेत 'आशय' या शब्दावर पिढ्या खर्ची पडल्या. मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली आलं, रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ साली. आशय आधी असतो आणि मग रूप शोधतो, की दोन्ही एकत्रच जन्माला येतात, यावर आम्ही लोकांनी चहाच्या किटल्या रिकाम्या केल्या. आता 'कंटेंट' हा शब्द पाहा. कोशात त्याचा अर्थ आशय असाच मिळेल, पण वापरात तो तसा नाही. कंटेंट म्हणजे भांड्यात भरायचा माल. भांडं आधीच ठरलेलं आहे: चौकट उभी की आडवी, लांबी किती सेकंदांची, आठवड्यातून किती वेळा. टँकर आला की पाणी कुठल्या विहिरीचं हे कोणी विचारत नाही, टँकर वेळेवर आला का एवढंच विचारतात. जो माणूस स्वतःला गायक, शिक्षक, सुगरण किंवा शेतकरी न म्हणता 'कंटेंट क्रिएटर' म्हणवून घेतो, त्याने नकळत टँकरवाल्याची भाषा उचललेली असते. आमचा पहिला आक्षेप हा, आणि तो त्या माणसावर नाही, शब्दावर आहे.

आता कमाईकडे येऊ. इथे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नाक मुरडेल अशी अपेक्षा असते. आम्ही मुरडणार नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची सहा प्रयोजनं सांगितली. त्यांत पहिलं यश आणि दुसरं चक्क अर्थ, म्हणजे पैसा. वाचताक्षणी मिळणारा आनंद त्याच यादीत पुढे येतो. आपल्या परंपरेला कलेतून पैसा मिळवण्याची लाज नव्हती. ग्रीकांकडे मात्र वाद होता. सॉफिस्ट फी घेऊन शिकवत, सॉक्रेटिस घेत नसे, आणि प्लेटोने त्यावरून सॉफिस्टांना पुरतं बदनाम करून ठेवलं. आम्ही स्वतः छत्तीस वर्षं पगार घेऊन सॉक्रेटिस शिकवला, तेव्हा या वादात आमची बाजू कोणती ते उघडच आहे.

तेव्हा पैसा घ्यावा का, हा प्रश्न नाही. तो कोण देतं आणि नेमका कशाबद्दल देतं, हा आहे. आपल्याच रंगभूमीचा इतिहास घ्या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते राजाश्रयाने. आश्रय देणारे चिंतामणराव पटवर्धन १८५१ साली गेले, आणि मग मंडळी बाहेर पडली. १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाच्या जागी प्रेक्षक आला. तमाशाच्या फडाला गावच्या जत्रेची सुपारी मिळते, नारायणगावच्या राहुट्यांत बसून व्यवहार ठरतो. कीर्तनकाराला बिदागी मिळते. फडात खूश झालेला प्रेक्षक दौलतजादा करतो आणि त्याचं नाव पुकारलं जातं. यूट्यूबने २०१७ साली 'सुपर चॅट' आणलं तेव्हा पैसे देणाऱ्याचा संदेश रंगीत पट्टीत वर झळकू लागला. आमच्या पिढीला त्यात दौलतजादाच दिसला. या सगळ्या व्यवहारांत एक गोष्ट समान आहे. देणारा दिसतो, आणि तो तुमच्या कामाला देतो.

जाहिरातीच्या पैशाचं तसं नाही. तो कसा येतो ते नीट समजून घ्या, कारण सुरुवात करणाऱ्या बहुतेकांना तेच ठाऊक नसतं. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सदस्य लागतात, आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. लहान शॉर्ट्सचा रस्ता वेगळा आहे. तिथे ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले जावे लागतात, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये गेलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. पात्र ठरल्यावर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरात-उत्पन्नातले ५५ टक्के तुमचे. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी पिन क्रमांकाचं पत्र टपालाने घरी येतं, आणि १०० डॉलर होईपर्यंत पैसे हातात पडत नाहीत. इतक्या आधुनिक व्यवहारात पोस्टमन अजून आहे याचा आम्हांला आनंद झाला.

आता ४,००० तास म्हणजे किती? एक माणूस सरासरी ४ मिनिटं पाहत असेल तर ६०,००० वेळा पाहिलं जावं लागेल. मास्तरी हिशोब केला तर ६० विद्यार्थ्यांच्या वर्गावर ६७ तास घेतले की ४,०२० तास होतात. म्हणजे कुठलाही प्राध्यापक वर्षभरात हा उंबरठा सहज ओलांडतो! फरक इतकाच की आमच्या पोरांना ७५ टक्के हजेरीची सक्ती होती. उठून जाण्याची सोय त्यांना असती तर आमचं काय झालं असतं, याचा विचार आम्ही सेवेत असताना कधी केला नाही.

तो विचार नुकताच करावा लागला. याच मालिकेतलं आमचं एक व्याख्यान चित्रित झालं होतं. संयोजकांनी आम्हांला त्याचा आलेख दाखवला, कुठल्या क्षणाला किती लोक टिकून होते त्याचा. सहाव्या मिनिटाला रेषा धाडकन खाली आलेली. सहाव्या मिनिटाला आम्ही काय करत होतो? व्याख्या करत होतो. पुढे एक विनोद केला होता, तिथे रेषा जराशी वर. घरी येऊन पुढच्या व्याख्यानाची टिपणं काढायला बसलो, तर पहिला विचार हाच आला की व्याख्या जरा मागे ढकलू आणि तो विनोद पुढे घेऊ. उभी हयात व्याख्येपासून सुरुवात करणारा माणूस एका रेषेने हलला, आणि आम्हांला तर त्यातून दमडीही मिळणार नव्हती.

कोणी म्हणेल, वर्तमानपत्रंही जाहिरातींवरच चालत आली. बरोबर आहे. पण वाचकाने अग्रलेख कुठल्या वाक्यावर सोडला हे संपादकाला कळत नव्हतं. त्या अज्ञानाने मोठं काम केलं. वाचक शेवटपर्यंत आला आहे असं गृहीत धरून संपादक अवघड मुद्दा शेवटी ठेवू शकत होता. आलेखाने ते गृहीतक काढून घेतलं. जाहिरातदार विकत घेतो प्रेक्षकाची मिनिटं. काम चांगलं झालं की मिनिटं वाढतात, कधी कधी. पण मिनिटं वाढवायचे दुसरे सोपे मार्गही असतात, आणि रेषेला दोन्हींतला फरक कळत नाही. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये सांगून ठेवलं आहे की वैद्यकाचं साध्य आरोग्य. ते पैसा हे साध्य मानू लागलं की वैद्यक राहत नाही. इथे तर पैशाच्याही आधी मिनिटं येऊन बसली आहेत.

आता ज्याच्यामुळे हा विषय आम्हांला टाळता आला नाही, त्याच्याविषयी. आमचा एक विद्यार्थी, हुशार, नेट उत्तीर्ण, वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर तर्कशास्त्र शिकवत होता. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि पुढच्या वर्षाची खात्री नाही. त्याने चॅनेल काढलं. सुरुवातीला न्यायदर्शनातल्या पंचावयवी अनुमानावर चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ केले. आम्ही ते पाहिले. त्याच्या वर्गातल्या तासांपेक्षा ते सरस होते. पाहणारे थोडे. मग एकदा त्याने गमतीत एक छोटी चित्रफीत टाकली, 'कुठल्याही वादात समोरच्याला गप्प कसं करायचं'. ती धावली. मग तशा आणखी केल्या. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, पूर्वी मी हेत्वाभास शिकवायचो. आता करतो."

आम्ही त्याला उपदेश केला. साधन आणि साध्य, कान्ट, सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुम्हांला पेन्शन आहे म्हणून हे बोलता येतं."

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते वाक्य आम्ही बरेच दिवस घोळवलं, आणि आज इथे कबूल करतो की ते खरं आहे. पण त्या वाक्यातच आमच्या समीक्षेचा गाभा सापडला. पगाराने आम्हांला काय दिलं होतं? पोटाला दिलं, ते तर झालंच. त्याखेरीज कंटाळवाणं होण्याची मुभा दिली. अवघड गोष्ट सांगताना मधली दहा मिनिटं रुक्ष जातात. ती जाऊ देण्याची ऐपत आम्हांला होती, त्याला नाही. त्याचं शिकवणं बिघडलं ते चारित्र्य बिघडल्याने नव्हे. ती दहा मिनिटं त्याला परवडेनाशी झाली. ज्या व्यवस्थेने त्याला तासावर ठेवलं, तिचा आम्हीही एक भाग होतो. विभागप्रमुख म्हणून त्याच्या मानधनाच्या पावत्यांवर आमचीच सही होत असे. तेव्हा चॅनेलवाल्यांना नावं ठेवण्याआधी हे खातं आमच्या नावावर टाका.

मग त्या तरुण श्रोत्याला काय सांगायचं? सुरू कर, हेच सांगायचं. पण ही दहा मिनिटांची मुभा कुठून आणायची, हे आधी ठरव. पहिलं वर्ष जाहिरातीची मिळकत शून्य धर आणि हातातलं काम सोडू नकोस. सुरू करण्यापूर्वी वीस विषय कागदावर लिहून काढ. सहाव्यालाच अडलास, तर तुला चॅनेल नको, एक चांगला लेख पुरेसा आहे. आलेख जरूर पाहा, पण महिन्यातून एकदा, आणि आवाज खरखरतो का, बोलणं पाल्हाळिक होतं का, एवढंच त्यात शोध. विषय कोणता घ्यायचा हे त्या रेषेला विचारू नकोस.

कंपन्यांच्या सुपाऱ्या येतील. घे, पण सुपारी आहे हे सांगून घे. अ‍ॅस्की या जाहिरात क्षेत्रातल्या स्वनियमन संस्थेचे २०२१ पासून तसे नियमच आहेत. 'भेट' म्हणून आलेली वस्तू फुकट नसते हेही ध्यानात ठेव. जुलै २०२२ पासून, एकाच देणाऱ्याकडून वर्षाला २०,००० रुपयांवर व्यावसायिक लाभ मिळाला तर त्यावर १० टक्के कर कापण्याची तरतूद आली. आणि शक्य तितक्या लवकर मिळकतीचा काही भाग बिदागीसारखा येऊ दे. वर्गाची फी असो, सदस्यांची वर्गणी असो, कार्यशाळा असो. ज्यांना तुझं काम हवं आहे ते तुला कामाचे पैसे देतील. त्यांची संख्या कमी असेल. पण रुक्ष दहा मिनिटं तेच सांभाळून घेतील.

आमच्या विद्यार्थ्याने पुढे काय केलं हे तुम्ही विचाराल. छोट्या चित्रफिती अजून चालू आहेत, घर त्यांवर चालतं. शनिवारी रात्री मात्र तो फी घेऊन अकरा जणांना न्यायदर्शन शिकवतो, ऑनलाइन. त्या अकरांपैकी एक आम्ही. फी भरतो, पावती घेतो. गेल्या शनिवारी हेत्वाभासांचा तास होता. मध्ये जवळजवळ पाव तास फारच रुक्ष गेला. कोणी उठून गेलं नाही.