वीस इंच कुठून आले? : एका तक्त्याची समीक्षा

समीक्षा म्हटलं की आपण शोधनिबंध किंवा पुस्तक घेऊन बसतो. आज मी समीक्षेला घेतोय एक तक्ता. आठ ओळींचा, खिशात मावणारा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने तो काढलाय आणि गोठलेल्या तळ्यावर काय न्यायचं असेल तर बर्फ किती जाड हवा, एवढंच त्यात दिलंय. पायी जायला ४ इंच. स्नोमोबाइलला ५ ते ७. मध्यम पिकअपला १३. अवजड पिकअपला १६ ते १७. आणि शेवटची ओळ: अवजड पिकअप आणि मागे चाकांची मासेमारीची खोली, २० इंच किंवा जास्त.

ही खोली म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मलाही इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. इकडे तिला व्हीलहाउस म्हणतात. ट्रेलरवर बांधलेलं छोटं घरच असतं. आत बाकं, शेगडी, हीटर, आणि जमिनीला झाकणं लावलेली भोकं. पिकअपला जोडून ती तळ्याच्या मधोमध ओढत न्यायची, हँडल फिरवून चाकं वर घ्यायची, म्हणजे अख्खी खोली खाली बर्फावर बसते. मग भोकांतून गिरमिटाने बर्फ पाडायचा आणि गळ सोडून बसायचं. छोटी खोली दीड टनाची असते, दोन अ‍ॅक्सलची मोठी असेल तर तीन-चार टनांच्या घरात जाते.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या घरमालकांबरोबर मी मिल लॅक्स तळ्यावर गेलो होतो. तळं कसलं, पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं सरोवर आहे ते. किनाऱ्याजवळ त्यांनी गिरमिट चालवलं, बर्फ १७ इंच निघाला. तक्ता म्हणतो २०. मी मात्र त्याच सत्रात बर्फाच्या भारक्षमतेवरचे निबंध वाचले होते, त्यामुळे अंगात वारं भरलेलं. मोबाइलवर गणित केलं: पिकअप साडेतीन टन, खोली अडीच, एकूण सहा. सूत्राप्रमाणे १७ इंचांना जवळपास साडेसात टन पेलायला हवेत. म्हटलं, चालेल की! तक्ता उगाच घाबरवतो.

म्हातारबाबांनी ऐकून घेतलं आणि गाडी तिथेच सोडून गिरमिट खांद्यावर टाकलं. आम्ही पायी निघालो. दर शंभर पावलांवर एक भोक. १७, १६, १७, १६. आणि मग एका दाबाने उचललेल्या बर्फाच्या रांगेजवळ १२ इंच, त्यातले वरचे चार पांढरे, दुधट. पांढरा बर्फ म्हणजे हिम भिजून गोठलेला, त्याची ताकद स्वच्छ बर्फाच्या निम्मी धरतात. म्हणजे कामाचे इंच दहाच. त्याच सूत्राने तिथली क्षमता अडीच टनांच्या आसपास येते, आणि आम्ही सहा टन नेणार होतो. त्या दिवशी खोली किनाऱ्यावरच राहिली. परत येताना मी फारसं बोललो नाही.

आता समीक्षेकडे येऊ. माझं सूत्र काय होतं, ते बघा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या लॉर्न गोल्ड यांनी १९७१ मध्ये ‘कॅनेडियन जिओटेक्निकल जर्नल’मध्ये मांडलेलं हे सूत्र जगभर वापरलं जातं: भार किलोत = क × जाडीचा वर्ग, जाडी सेंटिमीटरमध्ये. आजच्या कॅनडातल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा ‘क’ तुम्ही किती धोका पत्करता त्याप्रमाणे ३.५ ते ६ ठेवतात. मी ४ धरला होता.

या ‘क’चा जन्म कसा झाला हे कळलं की सूत्राकडे बघायची नजर बदलते. गोल्ड यांनी बर्फावरून वाहतूक करणाऱ्या उद्योगांकडून नोंदी जमवल्या: इतका भार, इतकी जाडी, बर्फ टिकला की मोडला. त्या आलेखावर मांडल्या. तुम्हाला वाटेल की टिकलेले एका बाजूला, मोडलेले दुसऱ्या बाजूला, मध्ये स्वच्छ रेघ. तसं नाही. दोन्ही प्रकारचे ठिपके एकमेकांत मिसळलेले आहेत. त्याच जाडीवर त्याहून जड वाहनं सुखरूप गेली आहेत आणि हलकी बुडाली आहेत. ‘क’ ही त्या मिसळलेल्या ठिपक्यांतून कुठे रेघ ओढायची, याबद्दलची निवड आहे. पदार्थाचा गुणधर्म म्हणून तो वापरायला गेलात की माझ्यासारखी गत होते.

आणखी एक गोष्ट. गाडी बुडाली की नोंद होते. सुखरूप गेलेल्या हजार फेऱ्या कोण मोजतो? अशा क्षेत्रीय नोंदींमध्ये भाजक नेहमीच कच्चा असतो. तुमच्या विषयात ‘अपयशाची आकडेवारी’ दिसली की पहिला प्रश्न हाच विचारा: एकूण प्रयत्न किती होते?

आता हेच सूत्र उलटं चालवून तक्ता तपासू. शेवटच्या ओळीत २० इंच, म्हणजे ५१ सेंटिमीटर, आणि सहा टन. ‘क’ निघतो सुमारे २.३. १३ इंच आणि अडीच टनांची पिकअप घेतली तरीही २.३ च्या आसपास. पण पहिल्या ओळीत? ४ इंच, सामानासकट शंभर किलोचा माणूस, ‘क’ जेमतेम १. म्हणजे तक्ता सगळीकडे सूत्रापेक्षा सावध आहे, आणि पातळ बर्फावर जास्तच सावध.

हा गोंधळ आहे का? मला आधी तसंच वाटलं होतं. पण नीट विचार करा. भार जाडीच्या वर्गावर अवलंबून आहे. ४ इंचांत २ इंचांची चूक झाली तर क्षमता एक चतुर्थांशावर येते. २० इंचांत तेवढीच चूक झाली तर ८१ टक्के शिल्लक राहते. मोजणीतली चूक तीच, परिणाम वेगळा. म्हणून पातळ बर्फाला जास्त राखीव ठेवणं शहाणपणाचंच आहे. तक्त्याच्या बाजूने हे कबूल करायला हवं. शिवाय खातं स्वतःच सांगतं की हे आकडे नव्या, स्वच्छ, घट्ट बर्फासाठी आहेत आणि शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा नसतोच.

मग तक्रार कशाबद्दल? तक्ता जे सांगतो त्याबद्दल नाही, गाळतो त्याबद्दल. तीन गोष्टी.

पहिली, अंतर. तरंगणारा बर्फ पुलासारखा दोन टोकांवर टेकलेला नसतो, तो खालच्या पाण्याच्या उचलण्यावर टेकलेला पातळ पत्रा असतो. त्याचं गणित हर्ट्झने १८८४ मध्येच केलंय. ४०-५० सेंटिमीटर बर्फात एका ओझ्याचा खळगा साधारण ८ ते १० मीटरच्या मापाने पसरतो. पिकअपचा मध्य आणि खोलीचा मध्य यांत अंतर सात-आठ मीटर. दोरीच्या बाजेवर दोघं जवळजवळ बसले की दोघांचा झोळ एकच होतो ना, तसंच. म्हणून दोन्ही वजनं मिळवून धरणं योग्य. आणि म्हणूनच गाड्या एकमेकींपासून ५० फूट लांब लावा, असा सल्ला खातं देतं. पण तो दुसरीकडे, तक्त्यात नाही.

दुसरी, वेळ. गोल्ड यांचं सूत्र चालत्या किंवा थोडा वेळ थांबलेल्या भारासाठी आहे. बर्फ हळूहळू वाहतो, स्थिर ओझ्याखाली तासागणिक जास्त झुकत जातो. गाडी दर दोन तासांनी हलवा, ही सूचना त्यातूनच आली. पण मासेमारीची खोली तर तिथे दिवसेंदिवस बसवण्यासाठीच नेतात! तिला ओढत नेणं आणि तिथे बसवणं ही दोन वेगळी गणितं आहेत आणि तक्त्यात दोन्हीला एकच ओळ आहे. यावर सर्वात हुशार उपाय निबंधांत मिळाला नाही, खात्याच्याच साध्या सूचनेत मिळाला: गाडीजवळ एक भोक पाडून ठेवा. त्यातून पाणी वर येऊन वाहायला लागलं की बर्फ खाली जातोय, गाडी हलवा. फुकटात झुकाव मोजायचं यंत्र!

तिसरी, वेग. चालत्या गाडीबरोबर बर्फाखाली पाण्याची लाट चालते. उथळ पाण्यात तिचा वेग खोलीवर ठरतो: तीन मीटर खोल पाण्यात ताशी सुमारे २० किलोमीटर. गाडी त्याच वेगाने गेली की लाट आणि गाडी जोडीने चालतात, झुकाव वाढत जातो. लेनिनग्राडच्या वेढ्यात, १९४१-४२ च्या हिवाळ्यात, लाडोगा सरोवरावरच्या बर्फाच्या रस्त्यावर ट्रक बुडत होते. तेव्हा पावेल कोबेको यांच्या गटाने बर्फाची हालचाल नोंदवणारी उपकरणं लावली, आणि विशिष्ट वेग टाळण्याचे नियम ठरवायला त्यांचा उपयोग झाला. तिथे प्रश्न शोधनिबंधाचा नव्हता, शहराच्या भाकरीचा होता.

आणि जाडी पुरेशी असूनही घात होतो, हेही लक्षात ठेवा. डिसेंबर २०२३ च्या शेवटी अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभरहून जास्त मासेमार त्यावर अडकले. त्यांना सोडवावं लागलं. पायाखालचा बर्फ त्यांना पेलत होता. तो किनाऱ्याला जोडलेला आहे का, हा प्रश्न इंचांत मावत नाही.

जाता जाता दुसरा एक आकडा. पिकअप घेताना कंपनी ओढण्याची क्षमता सांगते. ती ज्या प्रमाणित चाचणीवर ठरते, तिच्यातला चढ अ‍ॅरिझोनाच्या उन्हातल्या डेव्हिस डॅम घाटाचा आहे. इंजिन तापतं का, चढावर वेग टिकतो का, ब्रेक कसे लागतात, यासाठी चाचणी उत्तम आहे. पण ‘माझी गाडी पाच टन ओढते’ म्हणत बर्फावर उतरणारा माणूस, गाडीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर बर्फाबद्दलच्या प्रश्नाला चिकटवतोय. आकडा खरा, जागा चुकीची.

माझं मत असं. जनतेसाठीची सूचना म्हणून तक्ता चांगला आहे. त्याने त्या दिवशी मला अडवलं, माझ्या सूत्राने नाही. त्याचा दोष एवढाच की राखीव भाग कशासाठी ठेवलाय ते तो सांगत नाही. त्यामुळे अर्धवट शिकलेल्या माणसाला तो भाग फुकटचा वाटतो आणि तो खर्च करून टाकतो. तो माणूस मी होतो.

संशोधनाला निघालेल्या तुम्हाला माझी विनंती: आपल्या विषयातला एक असा सर्वमान्य आकडा निवडा. तो कोणत्या नोंदींतून आला, रेघ कुणी आणि कुठे ओढली, आणि तो कोणत्या परिस्थितीसाठी नव्हताच, हे तीन परिच्छेदांत लिहून काढा. तुमच्या प्रस्तावाचं पहिलं प्रकरण त्यातच निघेल. आणि तो आकडा मोडीत काढायची घाई झाली, तर आधी गिरमिट घेऊन शंभर पावलं पायी चालून या.